कचेरी आणि घर : प्रस्तावना

स्वमग्नतेविषयी गेल्या ऐंशी वर्षांत जगभर जे लेखन झाले, त्यातील बहुतांश मुलांविषयी आहे, त्याहून बरेच थोडे आईबापांविषयी आहे, आणि ज्या रुग्णालयांचे, शाळांचे व सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्यात या आईबापांच्या आयुष्याचा मोठा हिस्सा खर्ची पडतो, त्या उंबरठ्यांविषयी तर फारच थोडे आहे. प्रस्तुत ग्रंथ या तिसऱ्या विषयाचा आहे. ज्यांची स्वमग्नता तीव्र स्वरूपाची आहे, ज्यांना वाचा नाही किंवा असून नसल्यासारखी आहे, ज्यांना आंघोळ, जेवण, शौच यांपासून रस्ता ओलांडण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत अहोरात्र दुसऱ्या माणसाची सोबत लागते, अशा व्यक्तींची कुटुंबे शासनाने, धर्मादाय संस्थांनी व खाजगी उपचारकांनी मांडून ठेवलेल्या साहाय्याच्या पसाऱ्यातून आपली वाट कशी काढतात, कोठे अडतात, कोठे थकून परत फिरतात, आणि या साऱ्याचा शिस्तशीर अभ्यास करायचा तर तो कोणत्या रीतीने करावा, हे येथे पाहायचे आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. ज्याला आपण मोठ्या तोंडाने साहाय्यव्यवस्था म्हणतो ती प्रत्यक्षात उभी राहते ती कुटुंबाच्या, आणि त्यातही बहुधा आईच्या, बिनपगारी श्रमांवर. निरनिराळ्या खात्यांनी सुट्या सुट्या सोडून दिलेल्या योजनांना ती बाई सांधते म्हणून त्यांची व्यवस्था होते. आणि हे सांधण्याचे काम जोवर कोणी हिशेबात धरीत नाही, तोवर योजनांच्या यशापयशाचे आपले सगळे ताळेबंद अपुरेच राहणार.

तीव्रतेची मर्यादा नेमकी कोठे आखावी, याविषयी जाणकारांत एकमत नाही. आपल्याकडे सिकंदराबादच्या मतिमंदांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने सिद्ध केलेली आणि २००९ साली प्रसृत झालेली ‘इसा’ नावाची भारतीय मापनश्रेणी प्रमाणपत्रासाठी वापरतात. तिच्यात ४० कलमे आहेत, प्रत्येकास १ ते ५ गुण, आणि एकूण बेरीज १५३ च्या वर गेली की स्वमग्नता तीव्र समजायची. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीने तीन पायऱ्या कल्पिल्या असून तिसरी पायरी अत्यधिक साहाय्याची गरज असलेल्यांची आहे. २०२१ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ‘प्रोफाउंड ऑटिझम’ असा एक स्वतंत्र वर्ग सुचवला: वय किमान आठ वर्षे, चोवीस तास प्रौढ माणसाची निगराणी आवश्यक, आणि त्याच्या जोडीला बुद्ध्यंक ५० च्या खाली किंवा वाचा जवळजवळ नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी ही कसोटी लावून पाहिली, तेव्हा आठ वर्षांच्या स्वमग्न मुलांपैकी २६.७ टक्के मुले या वर्गात मोडली. ते निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. अशी वेगळी रेघ ओढण्याने माणसांवर कायमचा शिक्का बसतो, असा आक्षेप अनेक स्वमग्न प्रौढांनी घेतला आणि तो पोकळ नाही. परंतु ज्या आईला वीस वर्षांच्या मुलाचे लंगोट आजही बदलावे लागतात, तिच्या व्यथेला बोलक्या आणि नोकरी करणाऱ्या स्वमग्न प्रौढांच्या प्रश्नांबरोबर एकाच छत्राखाली बसवले की तिची जागा आपोआप मागच्या रांगेत जाते, हेही तितकेच खरे. अमेरिकेत २०१९ साली केवळ तीव्र स्वमग्नतेसाठी पालकांनी वेगळी राष्ट्रीय परिषद स्थापन केली, तिचे कारण हेच.

या विषयाचा इतिहास आईबापांवरील आरोपपत्राने सुरू होतो. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातील निरीक्षणाची सूक्ष्मता आजही थक्क करते. परंतु या मुलांचे आईवडील बुद्धिमान, पण भावनेने थंड आहेत, अशी जी नोंद त्यांनी जाता जाता केली, तिच्यातून पुढे आईच्या थंडपणामुळेच मूल मिटून जाते हा सिद्धान्त बोकाळला. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात त्याला जवळजवळ शास्त्राची प्रतिष्ठा दिली. पुराव्यावाचून इतक्या स्त्रियांना इतक्या आत्मविश्वासाने अपराधी ठरवणारा दुसरा सिद्धान्त आधुनिक वैद्यकात शोधून सापडणे कठीण. त्याला पहिला जबर तडाखा दिला तो बर्नार्ड रिमलंड यांनी, १९६४ साली. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. १९७७ साली फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि आनुवंशिकतेचा वाटा नाकारण्यास जागा उरली नाही. स्वतः कॅनर यांनी १९६९ साली पालकांच्या परिषदेत उभे राहून आईबापांना दोषमुक्त जाहीर केले. निकाल लागायला सव्वीस वर्षे लागली, आणि आपल्याकडच्या कित्येक सासरघरांत तर तो खटला अजून चालूच आहे.

आरोपी म्हणून उभे केलेले हेच आईबाप पुढे संस्थापक झाले, ही या क्षेत्राची विशेष गोष्ट होय. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी संघटना काढली. तिच्या संस्थापकांत लोर्ना विंग होत्या, ज्या स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आणि एका स्वमग्न मुलीच्या आई. ज्युडिथ गूल्ड यांच्यासह त्यांनी कॅम्बरवेल भागात केलेल्या पाहणीने १९७९ साली स्वमग्नतेची व्याप्ती पुरती बदलून टाकली. अमेरिकेतील संघटना १९६५ ची. नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी आईबापांना सहउपचारक मानणारी पद्धती घडवली आणि १९७२ साली त्या राज्याने तिला सरकारी कार्यक्रमाचे रूप दिले. याच सुमारास कॅलिफोर्नियात ईव्हार लोव्हास वर्तनोपचाराची बांधणी करीत होते. त्यांच्या १९८७ च्या गाजलेल्या निबंधात १९ मुलांना आठवड्याला ४० तासांची शिकवणी दिली होती आणि त्यांतील ९ मुले सर्वसामान्य मुलांच्या बरोबरीला आली, असा दावा होता. त्या दाव्यावर पुष्कळ वाद झाले. माझे लक्ष मात्र त्या ४० तासांकडे जाते. घरात दोन खोल्या, माणसे सहा, पाणी सकाळी तासभर. त्या घरात चाळीस तास आणायचे कोठून, आणि ते द्यायचे कोणी? उपचारपद्धती परक्या देशातून येते तेव्हा तिच्या पोटात कुटुंबाच्या वेळेचा एक अंदाज दडलेला असतो, आणि तो अंदाज क्वचितच कोणी उघड करून तपासतो.

कुटुंबाच्या अभ्यासातही संप्रदाय पडले आहेत. पहिला, ताण आणि तो सोसण्याची रीत मोजणारा. प्रश्नावली भरून घ्यायची, गुणांची बेरीज करायची, आणि आईचा ताण अमुक इतका आहे असे सांगायचे. या पद्धतीने माहितीचा फार मोठा ढीग जमा केला आहे, पण त्यात ताण हा आईच्या अंगीभूत दोषासारखा दिसू लागतो. तो सोमवारी सकाळी खिडकीवर ‘साहेब रजेवर आहेत, पुढल्या आठवड्यात या’ असे ऐकून निर्माण होतो, हे त्या बेरजेत येत नाही. दुसरा संप्रदाय समाजशास्त्रज्ञांचा. रोझलिन डार्लिंग यांनी १९७९ सालीच दाखवले होते, की अपंग मुलांच्या पालकांची लढाई मुलापेक्षा समाजाशी आणि तज्ज्ञांशी अधिक असते. भारतात वीणा दास आणि रेणू अडलखा यांनी २००१ साली अपंगत्वाचे नागरिकत्व घराच्या चार भिंतींत कसे घडते याची जी मांडणी केली, तीही याच कुळातली. तिसरा प्रवाह स्वमग्न व्यक्तींच्या स्वतःच्या लेखनातून आला. १९९३ साली जिम सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून आमच्यासाठी शोक करू नका असे बजावले, आणि मेंदूंच्या विविधतेचा विचार तेथून फोफावला. हा प्रवाह पालकांना कधी कधी फार कठोरपणे वागवतो. तरीही न बोलणाऱ्या माणसाला स्वतःची इच्छा असते आणि ती आईच्या इच्छेहून वेगळी असू शकते, याची सतत आठवण करून देणारा दुसरा कोणी या क्षेत्रात नाही, म्हणून संशोधकाला त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही.

ज्या प्रवाहाचे ऋण या ग्रंथावर सर्वाधिक आहे, तो मात्र स्वमग्नतेचा नव्हेच. तो राज्यकारभाराच्या अभ्यासाचा आहे. मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली असे प्रतिपादन केले, की शासनाचे धोरण राजधानीत लिहिले जात असले तरी ते घडते खिडकीवर. शिक्षक, पोलीस, कारकून यांच्यापाशी जो थोडासा विवेकाधिकार असतो आणि जी कायमची घाई असते, त्यांतूनच नागरिकाला दिसणारे शासन आकाराला येते. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन यांनी २०१८ च्या ग्रंथात हाच धागा नागरिकाच्या बाजूने उचलला. सरकारी लाभ मिळवताना माणसाला तीन प्रकारचे मोल द्यावे लागते असे ते म्हणतात: योजना आहे हे कळण्याचे, तिच्या अटी पुऱ्या करण्याचे, आणि हे सारे करताना मनाला सोसाव्या लागणाऱ्या अपमानाचे व शिणाचे. मराठी माणसाला हे सांगण्यासाठी परदेशी पंडित कशाला हवेत, असे कोणी म्हणेल. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते. पण ठाऊक असणे वेगळे आणि मोजणे वेगळे. म्हणीने आपण हसून मोकळे होतो, मोजमापाने कोणाला तरी जाब विचारता येतो.

आता आपल्या देशाकडे वळू. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ साली स्थापन केलेली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था आणि ठिकठिकाणचे पालक यांच्या खटपटीला फळ आले ते १९९९ च्या अखेरीस, राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या रूपाने. स्वमग्नतेचे नाव भारताच्या कायद्याच्या मथळ्यावर येण्याचा तो पहिला प्रसंग. तरीही आरक्षण, सवलती, नोकऱ्या यांचा कायदा १९९५ चाच राहिला, आणि २०११ च्या जनगणनेत स्वमग्नतेला स्वतंत्र रकाना नव्हता. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने प्रकारांची संख्या २१ वर नेली व त्यांत स्वमग्नता आली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला. त्याच्या ३८ व्या कलमात अधिक साहाय्याची गरज असलेल्यांना तशा साहाय्यासाठी अर्ज करता येईल अशी तरतूद आहे. या ग्रंथाचा विषय ज्या माणसांचा आहे, त्यांच्यासाठी हे कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि ते अजून घराघरांपर्यंत पोचलेले नाही.

कायद्याचे कलम आणि घर यांच्या मधे असते ती फाईल. तीव्र स्वमग्न मुलाच्या आईपाशी ती असतेच: जाड प्लास्टिकची, बटण लावायची, कडा पांढऱ्या पडलेल्या. तीत जन्माचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रहिवासाचा दाखला, तहसीलदाराच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला, ज्याची मुदत दर काही काळाने संपते तो. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या शिक्क्याचे जुने हाती लिहिलेले प्रमाणपत्र, त्यानंतरचे एसएडीएम या संगणकीय प्रणालीतले, आणि त्यानंतरचे यूडीआयडी हे देशभर चालणारे अपंगत्वाचे ओळखपत्र, म्हणजे एकाच अपंगत्वाच्या तीन पिढ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्यविम्याचे कार्ड, शाळेचे पत्र, औषधांच्या चिठ्ठ्या. एका कागदावर मुलाचे नाव दीर्घ वेलांटीने आणि दुसऱ्यावर ऱ्हस्व असते, आणि त्या एका वेलांटीसाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते. पारदर्शक खणात पासपोर्ट आकाराचे फोटो असतात, सगळे एकाच फोटोचे. कारण मुलाने कॅमेऱ्याकडे सरळ पाहिले असा तो एकच क्षण कधी तरी साधला होता, आणि तेव्हापासून त्याच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयात येतो तरी अर्जावर दहा वर्षांचा पोर चिकटवलेला असतो. खिडकीवरचा माणूस विचारतो, ‘अलीकडचा नाही का?’ आई म्हणते, ‘तो बसत नाही हो साहेब फोटोला.’

प्रमाणपत्राचा दिवस याहून कठीण. जिल्ह्याच्या रुग्णालयात त्यासाठी ठराविक वार असतो. सर्व प्रकारच्या अपंगांची एकच रांग, वर घरघरणारा पंखा, बाकांची टंचाई. गोंगाट ज्याला सुईसारखा टोचतो आणि थांबणे म्हणजे काय हे ज्याला उमजत नाही, अशा सोळासतरा वर्षांच्या अंगापिंडाने भरलेल्या मुलाला त्या रांगेत तीन तास उभे करणे शक्य नसते. मग घरोघरी एकच वाटणी ठरलेली दिसते: आईने रांगेत नंबर धरायचा, बापाने मुलाला आवारात फेऱ्या मारवायच्या, आणि ‘आला नंबर’ म्हणून फोन गेला की त्याला धरून आणायचे. बापाला त्या दिवशी रजा मिळाली नाही तर सारा बेतच फसतो. आत गेल्यावर जे घडते ते मला अधिक बोचते. वर्षभर जी आई शेजाऱ्यांना, नातलगांना, शाळेतल्या बाईंना आपला मुलगा काय काय करू शकतो हे पटवून देत असते, तिलाच मानसशास्त्रज्ञापुढे तो काय काय करू शकत नाही याचा पाढा वाचावा लागतो; एखादी गोष्ट त्याला जमते असे चुकून अभिमानाने बोलून गेली तर गुण कमी पडतात आणि त्याबरोबर टक्केही. हर्ड आणि मॉयनिहन यांचा तिसऱ्या प्रकारचा खर्च तो हाच. रुग्णालयाच्या नोंदवहीत त्या दिवसाखाली फक्त एक प्रमाणपत्र क्रमांक लागतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून चालू आहे, आणि तिचा लाभ घेणाऱ्याने दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा असा दंडक आहे. दंडक गैर नाही. मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलण्याचे प्रकार घडतात. परंतु ज्याला बोट यंत्रावर टेकवून धरता येत नाही, ज्याची बुबुळे यंत्रासमोर स्थिर राहत नाहीत, त्याने आपण हयात आहोत हे कसे सिद्ध करावे? येथे नियमाचे उत्तर संपते आणि कारकुनाचे सुरू होते. एखादा अव्वल कारकून उठून बाहेर रिक्षेपाशी येतो, आत बसलेल्या मुलाला डोळ्यांनी पाहतो आणि सही करतो. दुसरा म्हणतो, ‘आत आणा, नाहीतर पुढच्या महिन्यात या.’ दोघांचा शासन निर्णय एकच असतो. कारकुनाला खलनायक करून लिहिणे फार सोपे आहे आणि आमच्या या विषयावरच्या लेखनात ते फार झाले आहे. वस्तुतः त्याच्या टेबलावर एकाच माणसाने उरकावयाच्या अनेक योजनांचे गठ्ठे असतात, त्याला स्वमग्नता म्हणजे काय हे कोणी शिकवलेले नसते, आणि सवलत दिली म्हणून उद्या लेखापरीक्षणात त्याचीच मान अडकते. म्हणून या ग्रंथात खिडकीच्या दोन्ही बाजू ऐकण्याचा प्रयत्न आहे.

मूल अठरा वर्षांचे झाले की घर आणि कचेरी यांचे नाते पार पालटते. कायद्याच्या दृष्टीने तो प्रौढ झाला, आईबाप त्याचे पालक उरले नाहीत. बँक त्याची सही मागते, आणि सही त्याला येत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या १४ व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. नेमणूक झाली की सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्षानंतर तीन महिन्यांत हिशेब सादर करण्याचे दायित्व येते. याच मुद्द्यावर या क्षेत्रातला सर्वांत गंभीर वैचारिक झगडा उभा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या ज्या करारनाम्यास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली, त्याचे १२ वे कलम प्रत्येक अपंग व्यक्तीची कायदेशीर क्षमता मान्य करते, आणि त्याच्या भाष्यकारांच्या मते दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेणारे पालकत्व हेच मुळी त्या क्षमतेचे हरण होय. निर्णयाला साहाय्य द्यावे, निर्णय हिरावू नये. २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाचा मध्यम मार्ग धरला, पण १९९९ चा कायदा जसाच्या तसा उभा आहे. हक्कवादी वकिलांचे तत्त्व मला मान्य आहे. मात्र भावाने जमीन बळकावू नये म्हणून पालकत्वाचे प्रमाणपत्र छातीशी धरणाऱ्या विधवेला ते तत्त्व ऐकवण्यापूर्वी, साहाय्य देणारी माणसे तिच्या गावात कोठे आहेत याचे उत्तर खिशात असले पाहिजे.

भारतीय कुटुंबांविषयीचे संशोधन संख्येने थोडे असले तरी दर्जाने कमी नाही. टमारा डेली यांनी २००४ साली भारतीय शहरांतील कुटुंबांना पहिली शंका येण्यापासून निदान होईपर्यंतची वाट तपासली. गोव्यात गौरी दिवाण, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. त्याच परंपरेतून गोवा आणि रावळपिंडी येथील ६५ मुलांवर केलेली चाचणी २०१६ साली आली, आणि तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या कार्यकर्त्यांकरवी पालकांना संवादाचे शिक्षण देता येते असे तीत दिसले. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ शुभांगी वैद्य यांचे नागरी भारतातील स्वमग्नता व कुटुंब यांवरील पुस्तक निघाले. त्या स्वतः पालक आहेत आणि अभ्यासक व आई या दोन भूमिकांतला ताण त्यांनी लपवलेला नाही. तरीही यातील बहुतेक काम लहान मुलांचे आहे, शहरांचे आहे. मराठवाड्याच्या एखाद्या तालुक्यातील तीस वर्षांचा, न बोलणारा, रात्र रात्र जागणारा माणूस या वाङ्मयात जवळजवळ नाही. जगभरच्या वाङ्मयातही तो नाही. चाचण्यांना बसू शकत नाही म्हणून त्याला संशोधनातून वगळतात, आणि वगळल्यामुळे त्याच्यासाठी कोणते साहाय्य उपयोगी याचा पुरावा तयार होत नाही. पुरावा नाही म्हणून पुढे निधीही नाही.

हा अभ्यास आजच का, याचे कारण वयात आहे. नव्वदीच्या दशकात ज्या मुलांचे निदान झाले ती आज तिशी ओलांडून गेली आहेत आणि त्यांचे आईबाप साठीसत्तरीत आहेत. पालकांच्या कोणत्याही मेळाव्यात जा, भाषणे काहीही होवोत, चहाच्या वेळी प्रश्न एकच: ‘आमच्या माघारी याचं कोण?’ पूर्वी याचे उत्तर एकत्र कुटुंबाकडे होते असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला ते अर्धेच खरे वाटते, कारण त्या कुटुंबात हे काम कोणत्या तरी विधवा आत्याच्या किंवा धाकट्या सुनेच्या गळ्यात पडत असे आणि तिला कोणी विचारीत नसे. आता तीही नाही. बदलापूरजवळचे ‘आधार’ हे पालकांच्या पुढाकारातून उभे राहिलेले प्रौढांचे निवासी केंद्र दाखवते, की पालक एकत्र आले तर काय घडू शकते. पण सर्व भार पालकांच्या एकीवर टाकणे म्हणजे शासनाने आपले काम पुन्हा एकदा त्यांच्याच माथी मारणे होय. दुसरे कारण, कारभार संगणकावर गेला. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, अर्ज घरबसल्या करता येऊ लागले, आणि काही हेलपाटे खरोखरच वाचले. पण काही केवळ जागा बदलून महा ई-सेवा केंद्राच्या दारात जाऊन उभे राहिले आहेत; ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नवऱ्यापाशी कामावर असतो, आणि बायको केंद्रात त्याच्या फोनची वाट पाहत बसते. हे बरे झाले की वाईट, याचा निवाडा कोणी तरी मोजून केला पाहिजे.

या संग्रहातील लेखकांनी म्हणूनच योजनांची यादी हाती घेऊन कुटुंबाकडे जाण्याऐवजी कुटुंबाबरोबर योजनांकडे जाण्याची पद्धत पत्करली आहे. फाईलमधला कागद कोणत्या क्रमाने जमला, कोणी सांगितल्यामुळे जमला, कोणता अर्ज अर्ध्यात सोडला आणि का, हे प्रश्न त्यांनी विचारले. सोडून दिलेल्या अर्जाला यातले काही लेख मिळालेल्या लाभापेक्षा अधिक महत्त्व देतात, आणि मला ते योग्य वाटते. कचेरीच्या दप्तरात मंजूर व नामंजूर अशा दोनच नोंदी असतात, ज्याने अर्ज केलाच नाही त्याची नोंद कोठेही नसते. या पद्धतीत उणिवा आहेत. ज्या घराला बोलण्यास सवड आहे तेच घर बोलते, आणि ज्या घरात परिस्थिती सर्वांत बिकट तेथे दार उघडायलाही कोणी मोकळे नसते. बाप बोलायला कमी मिळाले. भावंडे त्याहून कमी मिळाली, आणि उद्याचा भार तर त्यांच्यावरच येणार आहे. स्वतः स्वमग्न व्यक्तीची संमती कशी घ्यावी, हा प्रश्न या ग्रंथाने सोडवला आहे असा माझा दावा नाही. मुलाने उठून दुसऱ्या खोलीत जाणे किंवा पाहुण्याचा हात धरून त्याला दारापर्यंत नेणे, हा नकार समजून मुलाखत तेथेच थांबवावी, एवढा शिरस्ता मात्र सर्वांनी पाळला आहे.

हे पुस्तक वाचून जे विद्यार्थी या क्षेत्रात उतरतील, त्यांना माझे सांगणे थोडे आणि व्यवहाराचे आहे. मुलाखतीची वेळ आईला ठरवू द्या आणि ती ऐन वेळी मोडली तर रागावू नका. कागदपत्रांच्या छायाप्रती स्वतःच्या खर्चाने काढा, मूळ कागद एका रात्रीसाठीही नेऊ नका. आणि अभ्यासातून तहसील कचेरीतली किंवा रुग्णालयातली जी उपयोगाची माहिती हाती लागेल, कोणता वार, कोणती खिडकी, कोणता नमुना, ती प्रबंध पुरा होण्याची वाट न पाहता त्या घरी मराठीत लिहून पोचवा.